कुसळी गवत आणि नगरचा माळ : एका गवताच्या क्षेत्राचा शब्देतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहास सामान्यतः तीन अंगांनी लिहिला गेला आहे. निजामशाहीची राजधानी व तिचा भुईकोट किल्ला हे पहिले अंग. ज्ञानेश्वरीचे नेवासे आणि महानुभाव पंथाच्या आठवणींनी भरलेला गोदाकाठ हे दुसरे. प्रवरेचे कालवे, ऊस आणि सहकारी साखर कारखाने हे तिसरे. ह्या तिन्ही अंगांचा संबंध तटबंदीशी तरी आहे किंवा नदीच्या पाण्याशी तरी आहे. परंतु १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या ह्या जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण जिल्ह्यात, तटबंदी आणि पाटपाणी ह्यांच्या बाहेरचा भाग मोठा आहे. त्या भागाचे लोकभाषेतील नाव माळ. माळाचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच लिहिला गेला, कारण माळावर काही घडत नाही अशी समजूत आहे.

माळावर मुख्यतः उगवते ते गवत. त्यातही एक गवत नगरच्या मुरमाड टेकड्यांवर व पठारांवर इतके परिचित आहे की, त्याच्या एका अवयवाचे नाव मराठी म्हणीत कायमचे जाऊन बसले आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील जे कुसळ माणसाला दिसते, त्याच कुसळावरून ह्या गवतास कुसळी म्हणतात. ह्या गवताचे नैसर्गिक क्षेत्र कोणते, ते जिल्ह्यात कसे पसरले व कसे आकुंचन पावले, आणि त्या घडामोडींची नोंद भाषेत कशी उमटली, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. हा विषय केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. नगरचा माळ हा तुटलेल्या अरण्याचा अवशेष मानावयाचा, की स्वतंत्र व प्राचीन असा तृणप्रदेश मानावयाचा, ह्या निर्णयावर त्या भूमीचे आणि तीवर उपजीविका करणाऱ्या मेंढपाळांचे भवितव्य अवलंबून आहे.

२. वनस्पती आणि तिची नावे

कुसळी शास्त्रीय परिभाषेत हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस ह्या नावाने ओळखली जाते. लिनिअसने १७५३ साली आपल्या ‘स्पीशीज प्लांटारम’ ह्या ग्रंथात तिचे वर्णन अँड्रोपोगॉन कॉन्टॉर्टस ह्या नावाने केले आणि वसतिस्थान म्हणून हिंदुस्थानचा निर्देश केला. १८१७ मध्ये ती हेटेरोपोगॉन ह्या प्रजातीत घालण्यात आली. हे प्रजातिनाम ग्रीक असून ‘भिन्न’ व ‘दाढी’ ह्या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे. ह्या गवताच्या कणसातील पुं-कणिशके कुसळविरहित असतात, तर स्त्री-कणिशकांना लांब, तपकिरी, पीळदार कुसळे असतात. एकाच कणसातील हा भेद त्या नावात व्यक्त झाला आहे. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेले. पक्व झाल्यावर शेजारशेजारची कुसळे एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते.

कुसळाचे कार्य मोठे विलक्षण आहे. ते हवेतील ओलाव्याने उलगडते व कोरडेपणाने पुन्हा पिळते. त्याच्या बुडाशी असलेले टोकदार बी ह्या हालचालीमुळे गिरमिटासारखे जमिनीत शिरते. अशा रीतीने पुरलेले बी वणव्यातून बचावते, म्हणून वारंवार आग लागणाऱ्या माळावर कुसळी टिकून राहते. परंतु हेच बी मेंढीच्या लोकरीतही शिरते, कातडीत रुतते आणि कधी कधी जनावराच्या तोंडात व डोळ्यांत जखमा करते. बीजप्रसाराचे साधन आणि मेंढपाळाचे दुखणे ही एकाच अवयवाची दोन रूपे होत.

ह्या गवताचे क्षेत्र जवळजवळ सर्व उष्ण कटिबंध व्यापते. आफ्रिका, भारतीय उपखंड, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया येथे ते देशी आहे. अमेरिकेतील व हवाई बेटांतील त्याच्या मूळ वास्तव्याबद्दल मतभेद आहेत. लक्षणीय गोष्ट अशी की, परस्परांशी संपर्क नसलेल्या समाजांनीही त्याचे नामकरण एकाच अवयवावरून केले. ऑस्ट्रेलियात त्यास भाल्याचे गवत म्हणतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नाव गुंतलेल्या शेंड्यावरून पडले आहे. हवाईत ते पिली ह्या नावाने ओळखले जाते. पिली म्हणजे चिकटणे. तेथे हे गवत घरे शाकारण्यास वापरीत असत. मराठीतील कुसळी हे नाव ह्याच मालिकेत बसते. कुसळ ह्या नामास -ई प्रत्यय लागून ‘कुसळे असलेली’ असा अर्थ सिद्ध होतो.

तथापि शास्त्रीय जाति आणि लोकभाषेतील जाति ह्यांच्या सीमा एक नसतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. माळावर कुसळी हा शब्द मुख्यतः ह्या गवतास लावला जात असला, तरी ॲरिस्टिडा प्रजातीतील काही गवतांनाही तो लावला जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही गवते परस्परांपासून पुष्कळ दूरची आहेत. मेंढपाळाच्या दृष्टीने मात्र ती एकच, कारण दोन्ही टोचतात. लोकभाषेचे वर्गीकरण अशास्त्रीय नसते. त्याचे तत्त्व निराळे असते. येथे ते तत्त्व म्हणजे जनावराचे अंग.

३. जिल्ह्यातील क्षेत्र

जिल्ह्याच्या भूरचनेकडे पाहिल्यास कुसळीचे स्थान स्पष्ट होते. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) ह्याच तालुक्यात येते. तेथून पूर्वेकडे जाणाऱ्या रांगा हळूहळू उतरत जातात. प्रवरा व मुळा ह्यांच्या दरम्यान बालेश्वराची रांग आहे. मुळेच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगडाची रांग पारनेरच्या कान्हूर पठारापर्यंत जाते. पुढे नगर व पाथर्डीकडे गर्भगिरीच्या टेकड्या आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड, तर थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग अवर्षणप्रवण ठरतो.

ह्या प्रदेशात गवतांची वाटणी जमिनीच्या खोलीवरून झालेली दिसते. खोल काळ्या जमिनीत, बांधांवर व ओढ्याकाठी मारवेल वाढते. त्याच काळ्या रानात कुंदा हे गवत शेतकऱ्याचा शत्रू म्हणून प्रसिद्ध आहे, कारण त्याची मुळे फार खोल जातात. ओलाव्याच्या जागी हरळी पसरते. उथळ, मुरमाड उतारावर शेडा, पवन्या, डोंगरी आणि कुसळी ही गवते येतात. जेथे चराई फार झाली आहे तेथे शेडा व पवन्या मागे हटतात, कुसळीचे प्रमाण वाढते; चराई त्याहूनही वाढली तर कुसळीही विरळ होऊन ॲरिस्टिडासारखी हलकी गवते व वर्षायू तणे उरतात. म्हणजे एखाद्या माळावर कोणते गवत आहे हे पाहून त्या माळाचा मागील काही दशकांचा इतिहास वाचता येतो. कुसळी ही ह्या क्रमातील मधली पायरी आहे.

दबडघाव व शंकरनारायण ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय तृणावरणाच्या सर्वेक्षणात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांतील सेहिमा-डायकँथियम हा प्रकार, म्हणजे मराठीत बोलावयाचे तर शेडा-मारवेलीचा प्रकार, द्वीपकल्पाच्या पठारावर सर्वत्र आढळतो. त्याचे क्षेत्र सुमारे १७ लक्ष ४० हजार चौरस किलोमीटर दिले आहे. कुसळी ही त्याच समूहातील एक प्रमुख घटक होय. तत्पूर्वी कुक ह्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–१९०८) आणि ब्लॅटर व मॅकन ह्यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील प्रबंध (१९३५) ह्यांनी ह्या गवतांची शास्त्रीय नोंद करून ठेवली होती. जिल्ह्यापुरते पाहिले तर प्रधान व सिंह ह्यांचा १९९९ मधील ग्रंथ उपलब्ध आहे.

मेंढपाळ व शेतकरी ह्यांच्या भाषेत ह्या गवताचे वय मोजण्याचे शब्द आहेत. गवत पोटरीला येते, निसवते, मग कुसळ धरते. पहिल्या दोन अवस्थांत कुसळी हा उत्तम चारा असतो. तिसऱ्या अवस्थेत तो त्रासदायक होतो. म्हणून निसवण्याच्या सुमारास विळा लावून पेंढ्या बांधणे व गंजी रचणे हे माळाचे कृषिकर्मच होते. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील धनगर पावसाळ्यानंतर आपले वाडे घेऊन कोकणाकडे उतरतात. पाणी व चारा ह्यांची टंचाई हे ह्या स्थलांतराचे मुख्य कारण खरे. परंतु माळावरील गवत ज्या दिवसांत कुसळ धरते, त्याच दिवसांच्या आगेमागे हे प्रस्थान पडते हेही विचारात घेण्यासारखे आहे.

४. माळाचे प्राचीनत्व

माळ हे तुटलेले अरण्य आहे, अशी कल्पना शिक्षित समाजात रूढ आहे. शब्दांचा इतिहास ह्या कल्पनेस अनुकूल नाही.

माळ हा शब्द संस्कृतातील माल ह्या शब्दाशी जोडला जातो. स्वरांमधील ल-काराचा मराठीत ळ होणे हे नियमित ध्वनिपरिवर्तन आहे. कालिदासाने मेघदूतात माल हा शब्द उंचावरील क्षेत्राच्या अर्थाने योजला आहे आणि मल्लिनाथाने त्याचा अर्थ डोंगराळ उन्नत प्रदेश असा सांगितला आहे. म्हणजे ह्या शब्दाच्या अर्थात वृक्षांच्या अभावाची किंवा नाशाची छटा मुळीच नाही. तो एका भूप्रकाराचा वाचक आहे.

जंगल ह्या शब्दाची गोष्ट ह्याहून अधिक बोधप्रद आहे. आयुर्वेदात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. त्यांतील जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा व हरणांचा प्रदेश. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा. फ्रेंच विद्वान फ्रान्सिस झिमरमन ह्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या शब्दाच्या अर्थाचा उलटा प्रवास दाखवून दिला आहे. आज मराठीत व इंग्रजीत जंगल म्हटले की दाट झाडी डोळ्यांपुढे येते. ज्या शब्दाने मोकळ्या तृणप्रदेशाचा बोध होत असे तोच शब्द त्याच्या विरुद्ध अर्थाने रूढ झाला आणि मूळ भूप्रकारास प्रतिष्ठित नाव उरले नाही. रान ह्या शब्दातही असाच प्रवास दिसतो. अरण्य ह्या शब्दापासून आलेला हा शब्द आज नगरच्या शेतकऱ्याच्या तोंडी शेताचाही वाचक आहे.

प्राण्यांची साक्ष ह्याच दिशेची आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जेथे कृष्णसार मृग स्वभावतःच संचार करतो तो देश यज्ञास योग्य म्हटला आहे. हा कृष्णसार म्हणजे काळवीट. तो दाट अरण्यात राहत नाही. त्याला मोकळे गवत लागते. नगर जिल्ह्यातील नेवासे, जोर्वे व दायमाबाद येथील उत्खननांनी ताम्रपाषाणयुगीन वसाहती उजेडात आणल्या. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या त्याच परंपरेतील वसाहतीत काळविटाची हाडे सापडली आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ह्या पठारावर मोकळा तृणप्रदेश होता, असे ह्यावरून मानावयास हरकत नाही. भूशास्त्राच्या दृष्टीने तर उष्ण प्रदेशातील ह्या वर्गाच्या गवतांचा दक्षिण आशियातील प्रसार सुमारे ७० ते ८० लक्ष वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या काळी कुऱ्हाड हाती घेणारा माणूस नव्हता.

मराठी वाङ्मयाचीही साक्ष आता ह्या प्रश्नात घेतली जाऊ लागली आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील ह्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी चरित्र-आख्यानांतील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख एकत्र करून, पश्चिम महाराष्ट्रातील विरळ झाडांचे माळ किमान कित्येक शतके जुने असल्याचे प्रतिपादन केले आहे. भाषा व वाङ्मय ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्या पद्धतीची विशेष दखल घ्यावयास हवी. हस्तलिखितातील एका झुडपाचे नाव येथे ऐतिहासिक पुरावा म्हणून उभे राहते.

५. कुरण : राज्यसत्ता आणि गवत

इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी नव्या शहराचा पाया घातला. ह्या स्थळाच्या निवडीची राजकीय व लष्करी कारणे इतिहासकारांनी चर्चिली आहेत. त्यांना जोडून एक सामान्य विचार मांडता येतो. दख्खनच्या राज्यांचे बळ घोडदळात होते आणि घोडदळाचे बळ वैरणीत होते. राजधानीभोवती विस्तीर्ण माळ असणे ही अशा सत्तेस अडचण नसून सोय होती.

मराठ्यांच्या राज्यकारभारात गवतास स्वतंत्र शब्दसंपत्ती होती. शिवकालातील चिपळूण येथील लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापर्यंत दाणा-वैरण पुरवून वापरावी, रयतेच्या काडीसही हात लावू नये आणि गवताला आग लागू देऊ नये, हा त्याचा आशय. गवत हे तेथे युद्धसाहित्याच्या बरोबरीचे आहे. पुढे मराठी फौजांनी परमुलखातून वसूल केलेल्या एका पट्टीचे नावच घासदाणा असे होते. तिचा शब्दशः अर्थ घोड्याचे गवत व धान्य. व्यवहारात ती रोख रक्कम झाली.

ह्या शब्दसंपत्तीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द कुरण हा होय. कुरण म्हणजे नुसते गवत असलेली जागा नव्हे; गवतासाठी राखलेली जागा. ह्या अर्थात राखण, हंगाम, कापणी आणि मनाई ह्या चारही कल्पना अंतर्भूत आहेत. संगमनेर तालुक्यातील कुरण हे गाव आणि राहुरी तालुक्यातील कुरणवाडी ही नावे ह्या व्यवस्थेची आठवण करून देतात. कुरणाशेजारी दुसरा शब्द होता तो पड. जी जमीन लागवडीस आणता येईल पण आणलेली नाही ती पड. अशा जमिनीवर कौल देऊन, इस्तावा म्हणजे वर्षावर्षाने चढत जाणारा सारा ठरवून, कुळे वसविली जात. सारांश, ब्रिटिशपूर्व महसुली भाषेत राखलेले गवत आणि न नांगरलेली जमीन ह्यांना दोन निराळे शब्द होते. सत्तेला दोन्हींची गरज होती, पण तिने त्यांची गल्लत केली नव्हती.

६. पडीक : एका शब्दाची कामगिरी

मुंबई इलाख्यातील महसूल मोजणीचा प्रारंभ गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात केला. पुढे ती पद्धती नगर जिल्ह्यासही लागू झाली. ह्या पद्धतीत प्रत्येक क्रमांकाची प्रत जमिनीची खोली व रंग ह्यांवरून ठरत असे, आणि खोली पाहावयाची ती पिकासाठी. जेथे पीक येणार नाही तो भाग पोटखराबा म्हणून वजा होई. उथळ मुरमाड जमीन, म्हणजे नेमकी कुसळीची जमीन, ह्या मोजमापात खालच्या प्रतीची किंवा खराब ठरली. जमिनीवर काय आहे हे न सांगता काय नाही एवढेच हे शब्द सांगतात. पडीक हा शब्द तर पडणे ह्या क्रियापदापासून आलेला. जे उभे असावयास हवे होते ते पडले, असा निवाडा त्यात आधीच दिलेला आहे. इंग्रजी कागदपत्रांतील ‘वेस्ट’ ह्या एका शब्दाखाली माळ, पड, बरड आणि पुष्कळदा कुरणही एकत्र आले.

गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जागा नेमून देण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमातील ३८ व्या कलमात होती. गायरान हा शब्द ह्या तरतुदीमुळे दप्तरात टिकला. परंतु त्याच दशकात, १८७८ च्या वन अधिनियमाने, डोंगरउतारांचे मोठे क्षेत्र राखीव करण्याचा मार्ग मोकळा झाला. चराईची फी, गवताचा लिलाव आणि कोंडवाडा हे शब्द माळाच्या नित्य व्यवहारात आले. ह्याच सुमारास १८७५ चे दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत झाले आणि १८७६–७८ चा दुष्काळ पडला. कर्ज, सारा व धान्य ह्यांच्या अंगाने ह्या घटनांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. चाऱ्याच्या अंगाने तो तितका झालेला नाही.

महात्मा फुले ह्यांनी मात्र ती बाजू ओळखली होती. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात त्यांनी वनखात्याने डोंगर, पडीक जमिनी व गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, अशी तक्रार कठोर शब्दांत केली आहे. गायरान जाणे हे कुणब्याच्या दारिद्र्याचे एक स्वतंत्र कारण म्हणून मांडणारे हे मराठीतील आरंभीचे विवेचन म्हणावे लागेल.

७. विसावे शतक आणि नंतर

विसाव्या शतकात जिल्ह्याचे दोन भाग पडले. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्यांनी उत्तरेकडील काळी जमीन भिजली. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या भागातील गवतांपैकी मारवेल बांधापुरती उरली. दक्षिणेकडील पारनेर, नगर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड व पाथर्डी ह्या तालुक्यांत ज्वारी, मेंढरे आणि माळ हीच त्रयी पुढेही चालू राहिली. अलीकडील दुष्काळांत ह्या तालुक्यांत उघडलेल्या गुरांच्या छावण्यांतून जनावरांना ऊस व उसाचे वाढे घातले गेले. ज्या प्रदेशातून पूर्वी घोडदळास गवत मिळे, तेथील गुरे आता कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसावर जगली. गवताच्या क्षेत्राचे आकुंचन ह्याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

माळाच्या पुनरुज्जीवनाचे प्रयोगही ह्याच भागात झाले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर आणि नगर तालुक्यातील हिवरेबाजार येथे १९८९–९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळण्यात आली. पाणलोटाची कामे झाली, गवत वाढले. विळ्याने कापून न्यावे, जनावर सोडू नये, असा नियम झाला. एका अर्थाने हे कुरणाचेच पुनरागमन होते. पण ह्या नियमाचा लाभ दावणीला बांधलेल्या दुभत्या जनावरांना अधिक झाला; पायावर चरणाऱ्या मेंढीला तेथे जागा नव्हती. कुसळीच्या क्षेत्राचे रक्षण आणि त्या क्षेत्रावर जगणाऱ्या समाजाचे रक्षण ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी होऊ शकतात, ही गोष्ट ह्या उदाहरणांवरून दिसते.

वन्य प्राण्यांच्या बाबतीतही हाच गुंता आहे. माळढोक ह्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. ढोक म्हणजे करकोच्यासारखा मोठा पक्षी, आणि माळढोक म्हणजे माळावरचा ढोक. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व नगर ह्या जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात नगरमधील कर्जत, श्रीगोंदे व नेवासे ह्या तालुक्यांचा भाग होता. शेती, गावे व शहरे पोटात घेणारे हे क्षेत्र २०१२ च्या सुमारास १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पक्षी मात्र ह्या प्रदेशातून जवळजवळ नाहीसा झाला. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळवीट तेथे टिकला. गवत राखले तर प्राणी राहतो, हे रेहेकुरीने दाखविले. माळढोकाला लागणारे विस्तीर्ण, अखंड गवत मात्र कागदावरच्या सीमारेषेने निर्माण झाले नाही.

ह्याच काळात माळाकडे पाहण्याची महसुली दृष्टी नव्या रूपात पुढे चालली. १९८५ मध्ये केंद्र सरकारने पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापिले. पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे झाडे लावण्याजोगी, असे समीकरण झाले. माळावर चर खणून गिरिपुष्प व निलगिरी ह्यांसारखी परदेशी झाडे लावण्यात आली. उन्हावर वाढणारे कुसळीसारखे गवत सावलीत मागे हटते. हिरवाई वाढविण्याच्या सद्हेतूने एक जुनी वनस्पतिसृष्टी मोडली जाऊ शकते, ही जाणीव अलीकडे होऊ लागली आहे. पारनेर तालुक्यात सुप्याच्या परिसरातील पठारी भागात औद्योगिक वसाहत व पवनचक्क्या आल्या. गायरानांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींच्या रक्षणाचा आदेश दिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानांच्या वाटपावर बंधने घालणारा निर्णय काढला. ज्या माळास गायरान म्हणून नोंद आहे त्यास ह्या निर्णयाचा आधार मिळतो. जो माळ केवळ पड किंवा खराबा म्हणून नोंदला गेला त्यास तो मिळत नाही. दप्तरातील एका शब्दाचे मोल एवढे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कुसळी ही दख्खनच्या पठारावरील प्राचीन तृणसमूहाची घटक आहे. शब्द, प्राणी व वाङ्मय ह्यांची साक्ष माळाच्या दीर्घ अस्तित्वाच्या बाजूची आहे. दुसरी, नगर जिल्ह्यातील तिचे क्षेत्र एकाच कारणाने आकुंचन पावले नाही. उत्तरेस पाण्याने, दक्षिणेस अतिचराई, नांगर, वृक्षलागवड व बांधकाम ह्यांनी ते घटले. ह्या सर्व कारणांना मोकळीक मिळाली ती मात्र एका भाषिक घटनेमुळे. कुरण व माळ ह्या अस्तित्ववाचक शब्दांची जागा पडीक व पोटखराबा ह्या अभाववाचक शब्दांनी घेतली. तिसरी, ह्या गवताविषयीचे सूक्ष्म ज्ञान मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या शब्दांत सुरक्षित होते आणि अंशतः आजही आहे.

ह्या तिसऱ्या गोष्टीतून विद्यापीठीय अभ्यासास एक निश्चित काम मिळते. बोलींच्या पाहणीत नातेवाचक शब्द, क्रियापदांची रूपे व उच्चार ह्यांची नोंद होते. गवतांची नावे मात्र ‘एक प्रकारचे गवत’ एवढ्या अर्थासह कोशात पडून राहतात. नाव, नमुना, जमीन, हंगाम आणि उपयोग ह्या पाच अंगांनी प्रत्येक गवताची नोंद तालुकावार झाली पाहिजे, आणि त्या कामी वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाचे साहाय्य घेतले पाहिजे. जिल्ह्यातच राहुरी येथे महात्मा फुले ह्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे आणि तेथे मारवेलसारख्या देशी गवतांवर काम झाले आहे. तेव्हा हे सहकार्य दुर्घट नाही.

जिल्ह्याला आता ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर ह्यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे धनगर कुळात झाला. त्यांच्या जन्मभूमीच्या भोवतालचा प्रदेश हा मेंढरांचा व माळाचा प्रदेश आहे. त्या प्रदेशातील गवतांची नावे ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कुसळ धरलेली कुसळी आणि निसवलेली कुसळी ह्यांतील भेद सांगणारे शब्द त्यांच्याकडून आजच टिपून घेतले, तर उद्या एखादा माळ पडीक आहे की कुरण आहे हे ठरविताना त्या शब्दांचा पुरावा पुढे करता येईल.